भुलीचं औषध, पण भूल न देता: वॉर्डात केटामाइन द्यावं का?

निफाडची_लेक
मागच्या महिन्यात आमचे नाना (वय 68, वजन 60 किलो) द्राक्षाच्या मांडवाची तार ओढताना घोडीवरून (शिडीवरून) पडले. उजवीकडच्या चार बरगड्या मोडल्या. नाशिकला द्वारकेजवळच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. खोकला आला की माणूस अक्षरशः रडायचा. श्वास ओढून तीन गोळे वर न्यायचं ते यंत्र दिलं होतं, त्यातला एकही गोळा हलेना.

रात्री दहाला डॉक्टरांनी सिरिंज पंप (शिरेतून हळूहळू औषध सोडणारं यंत्र) लावला आणि तासाभरात नाना शांत झोपले. पहाटे मला विचारतात, "पोरी, छताला बैल कोणी बांधले?" मी घाबरले. सिस्टरना खोदून विचारलं तेव्हा कळलं, पंपात केटामाइन होतं. म्हणजे ऑपरेशनची भूल! सकाळी दहाला पंप काढला, तोवर नानांनी दोन गोळे वर नेले होते. गुण आला हे मी नाकारत नाही. पण भुलीचं औषध साध्या वॉर्डात, घरच्यांना न सांगता?

भूलथापा
(व्यवसायाने भूलतज्ज्ञ, आयडी त्यावरूनच.) ताई, नानांना भूल दिलेलीच नव्हती. 60 किलोच्या माणसाला केटामाइनने झोपवायचं तर शिरेतून 60 ते 120 मिग्रॅ लागतं. दुखण्यासाठी एका वेळी 6 ते 18 पुरतं, किंवा पंपावर तासाला 6 ते 12.

दुखण्याचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जू चिडखोर होतो, मग नुसता हात लावला तरी कळ येते. त्या चिडखोरपणामागे एनएमडीए नावाचे रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे दरवाजे) असतात, केटामाइन तेच बंद करतं. मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो, या मात्रेत केटामाइनने सहसा नाही. बरगड्या मोडलेला म्हातारा माणूस खोकलाच नाही तर कफ साचून न्यूमोनिया ठरलेला. हे औषध अमेरिकेत 1970 पासून मान्य आहे, आणि तीव्र दुखण्यात कमी मात्रेने कसं वापरायचं याच्या सूचना तिथल्या तीन वैद्यकीय संघटनांनी 2018 मध्ये काढल्या आहेत. बैल दिसणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तो आधी सांगितला नाही, ही मात्र डॉक्टरांची चूकच.

नाईट_ड्युटी
कागदावर सगळं छान असतं हो सर. मी बावीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. वायल (औषधाची कुपी) 10 मिलीची येते, एका मिलीत 50 मिग्रॅ. 12 मिग्रॅ म्हणजे पाव मिलीसुद्धा नाही. आधी पातळ करा, मग पंपाचा हिशेब करा, तेही रात्री तीनला, बत्तीस खाटा आणि दोन सिस्टर असताना. एक टिंब इकडचं तिकडे झालं की दुखण्याची मात्रा भुलीची होते.

एका पेशंटने सलाईन उपटून खिडकीकडे धाव घेतलेली मी पाहिली आहे. वॉर्डात पाणी भरतंय असं त्याला दिसत होतं. त्याला धरताना मावशींचं मनगट मुरगळलं. आयसीयूत द्या, माझी ना नाही. वॉर्डात नको.

सुरगाण्याचा_डॉक्टर
सिस्टर, तुमच्या नियमाने माझ्या पेशंटला काहीच मिळणार नाही. माझ्याकडे आयसीयू नाही. सापुताऱ्याच्या घाटात बाईक घसरते, मांडीचं हाड मोडलेला पोरगा येतो. नाशिक अडीच तासांवर, आणि रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. ट्रॅमाडॉलसारखं नेहमीचं वेदनाशामक देऊन ती मांडी सरळ करून दाखवा मला. मी 10 मिग्रॅ केटामाइन हळूहळू देतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो, खपच्या बांधतो आणि गाडीत घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध 1985 पासून अत्यावश्यक यादीत ठेवलंय ते उगाच नाही.

नाईट_ड्युटी
तुम्ही शेजारी उभे असता. वॉर्डात कोण उभं असतं?

पाठदुखे
धागा थोडा पळवतो, माफी. तीन वर्षं सायटिका आहे (कमरेतून पायात जाणारी नसेची कळ). गंगापूर रोडवर एका ठिकाणी केटामाइनच्या पाच ड्रिप घ्या म्हणताहेत, पॅकेजमध्ये. घेऊ का?

भूलथापा
इथे मी सिस्टरांच्या पार्टीत. ताज्या जखमेचं दुखणं वेगळं, तीन वर्षांचं वेगळं. जुन्या दुखण्यात पुरावा तोकडा आहे. काही मोजक्या नसांच्या आजारांत उपयोग होतो, तोही बऱ्याचदा काही आठवड्यांपुरता. मग लोक पुन्हा पुन्हा घेतात. सतत घेतल्याने मूत्राशय खराब होतं, दर अर्ध्या तासाला लघवीला पळावं लागतं. आणि दुखण्यावर पॅकेज? मिसळीवर पाव जादा देतात तसं?

कडू_गोळी
माझी आई कॅन्सरने गेली. तेव्हा आम्हालाही कोणीतरी केटामाइन सुचवलं होतं, म्हणून वाचत बसले. ऑस्ट्रेलियात 185 कॅन्सर पेशंटवर झालेला अभ्यास 2012 मध्ये छापून आला: तुलनेसाठी दिलेल्या खोट्या (औषध नसलेल्या) डोसापेक्षा जास्त फायदा नाही, दुष्परिणाम मात्र जास्त. 2017 मध्ये साठीपुढच्या 672 जणांवरचा दुसरा आला. ऑपरेशनच्या वेळी कमी मात्रा देऊन नंतरचा भ्रम टळला नाही, दुखणं कमी झालं नाही, भास आणि वाईट स्वप्नं वाढली. ताईंचे नाना 68 चे आहेत, विसरू नका. आईला आराम पडला तो मॉर्फिनच्या गोळीने. ती मिळवायला किती दुकानं फिरले ते पुन्हा कधीतरी. आधी ती गोळी सगळीकडे मिळू द्या, मग नव्या वाटा शोधा.

भूलथापा
दोन्ही अभ्यास बरोबर सांगितलेत. पण दुसऱ्यात ऑपरेशनच्या टेबलवर एकच डोस होता आणि मुख्य प्रश्न भ्रमाचा होता. मोडलेल्या बरगड्यांवर रात्रभर पंप लावणं ही वेगळी गोष्ट. खरं तर बरगड्यांना मी आधी नसेचा ब्लॉक दिला असता, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून तेवढ्याच नसा बधिर केल्या असत्या. ताई, नाना रक्त पातळ करायची गोळी घेतात का? तसं असेल तर रक्तस्रावाच्या भीतीने ब्लॉक टाळला असेल.

निफाडची_लेक
हो, क्लोपिडोग्रेल. तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय.

नाईट_ड्युटी
स्टेंट? केटामाइनने नाडी आणि बीपी वाढतं, सर. रात्रभर मॉनिटर होता का, ताई?

निफाडची_लेक
नाही. सिस्टर दोनदा बीपी बघून गेल्या.

भूलथापा
या मात्रेत बीपी फारसं चढत नाही. पण स्टेंट असलेल्या माणसाला मॉनिटरशिवाय मी दिलं नसतं. सिस्टर, हा मुद्दा तुमचा.

सुरगाण्याचा_डॉक्टर
मान्य. पण यात चूक मॉनिटरची आहे, औषधाची नाही. उद्या एखादा बाबू हा धागा वाचून केटामाइन पेठ-सुरगाण्यातूनच काढून घ्यायचा.

निफाडची_लेक
आत्ता फाइल काढून बसलेय. डिस्चार्ज कार्डवर केटामाइन हा शब्दच नाही, नुसतं "वेदनाशामक इन्फ्युजन". बिलात मात्र आहे: केटामाइन 10 मिली, 1 नग. पंपाचा कागद आहे, त्यावर तासाला 6 मिग्रॅ लिहिलंय.

नाईट_ड्युटी
बारा तासांचे झाले 72. वायलमध्ये 500 असतं. हे औषध 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत) आहे, कुलपात ठेवायचं आणि रजिस्टरला नोंदवायचं. उरलेलं 428 टाकून दिलं असेल तर तिथे लिहिलेलं असणार. नानांची फाइल घेऊन जा आणि ती नोंद दाखवा म्हणावं.