मदत हवी आहे: दिवेलागणीला साइटशिवाय नेम धरताना बाण वरखाली जातात

मळेकरी_खानापूर
28 पौंड ओढीचं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य), साइट म्हणजे धनुष्यावरची नेमाची खूण नाही, अंतर 10 मीटर. अँकर, म्हणजे ओढलेला हात टेकायची जागा, ओठाच्या कोपऱ्याला. भाताचं पिंजर आवळून टार्गेट केलंय, मागं मातीचा उंच बांध. उजेडात बाण वीतभर घेरात बसतात, अंधारून आलं की हातभर वरखाली. डावीउजवीकडं फरक नाही. कामामुळं सराव संध्याकाळीच जमतो. काय बदलू?

दोरी_आणि_पीस
आडवा फरक नाही म्हणजे सोडणं ठीक आहे. नजर टार्गेटवरच्या ठिपक्यावर असली तरी कडेनं बाणाचं टोक दिसतं आणि हात त्यावरून उंची ठरवतो. उजेड गेला की तो आधार गेला. 3 मीटरवर या. डोळे मिटून ओढा, दोरी नाकाच्या शेंड्याला टेकल्याशिवाय सोडू नका. अंधारात ठिपका शोधत थांबलं की ओढ नकळत ढिली पडते आणि बाण खाली जातो. मग डोळे उघडे ठेवून 5 मीटर. घेर वीतभर झाल्यावरच एकेक मीटर मागं सरका.

सांजबाण
ठिपका कसला आहे? लाल असेल तर काढा. संधिप्रकाशात लाल सगळ्यात आधी काळा पडतो, निळा त्यामानानं उजळ दिसतो. चुन्याचा पांढरा ठिपका बरा. पण डोळ्याच्या मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशीच नसतात; 10 मीटरवरचा 5 सेंमीचा ठिपका त्या आंधळ्या भागात पूर्ण मावतो. रोखून बघितलं की गायब! तसं झालं की टार्गेटवर उजेड हवाच.

मळेकरी_खानापूर
डोक्याला लाल बॅटरी लावू का?

सांजबाण
नेमासाठी नको, तिनं बाण आणि धनुष्यच उजळतं. साधी बॅटरी टार्गेटच्या पुढं, बाजूला, विटेआड ठेवा. झोत टार्गेटवर, तुमच्या डोळ्यात नाही. लाल बॅटरी बाण गोळा करायला वापरा, अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. ती पुरती सरावायला अर्धा तास लागतो आणि आपल्याकडं सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत अंधार पडतो, म्हणून घाईच होते.

दोरी_आणि_पीस
एका वेळी तीनच बाण, पिसं पांढरी. चुकलेला बाण गवतात हातानं चाचपू नका, घोणस असते. आधी काठी फिरवा. बांधाची कड दिसेनाशी झाली की दोरी उतरवा. आणि भीमगड अभयारण्याच्या बाजूला रात्री धनुष्य घेऊन फिरू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. सरावाला निघालोय हे वनखात्याला पटवत बसावं लागेल.