जैसलमेरला पायी कुठे कुठे फिरायचं?

ए-३०४: नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आम्ही दोघं आणि मुलं जैसलमेरला चाललोय. बांद्र्याहून थेट गाडी आहे, तिची तिकिटं झाली. ट्रॅव्हलवाला म्हणतोय दोन रात्री समला, वाळूच्या टेकड्यांजवळ, तंबूत राहा, उंट, जीप, नाचगाणी. आम्हाला रोज तीन-चार तास चालायचंय. तिकडे तसं काही आहे का?

सी-१०१: सम छान आहे. सूर्यास्त चुकवू नका. आम्ही सगळं जीपनेच केलं होतं.

ए-५०२: वाळूत काय चालणार? पाय रुततात नुसते.

बी-६०२ (काकू): अगं, आमच्या ह्यांची हवाई दलातली बदली तिथे होती. तीन वर्षं राहिलो आणि मी रोज सकाळी चालत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जैसलमेरभोवती नुसती वाळू नाही. गावाजवळ दगडाळ माळ आहे, चालायला टणक. वाळूच्या मोठ्या टेकड्या लागतात त्या पश्चिमेला समला, ४० किलोमीटरवर. नैऋत्येला खुडी आहे, तिथे गर्दी कमी. वाळूत चालायची हौस खुडीला भागवा, आणि उजाडतानाच जा. रात्रभरात उमटलेल्या किड्यांच्या, कोल्ह्याच्या पावलांच्या ओळी जशाच्या तशा दिसतात. नऊनंतर वाऱ्याने सगळं पुसून जातं.

पहिल्या दिवशी किल्ला. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेला, ९९ बुरुजांचा, आणि आजही आत माणसं नांदतात. साडेसातच्या सुमारास सूर्य वर येतो, त्याआधी आत शिरा. दारात दूधवाला, अंगण झाडणाऱ्या बायका, पिवळ्या दगडावर पहिलं ऊन. चढावरची फरशी पावलांनी इतकी गुळगुळीत झालीय की चपला घसरतात, बूटच घाला. तिथून गडीसर तलाव चालत वीस-पंचवीस मिनिटं.

बडा बाग उत्तरेला ६ किलोमीटर. जाताना पायी जा, येताना रिक्षा करा. महारावळांच्या, म्हणजे तिथल्या राजांच्या, स्मारक-छत्र्या आणि मागे पवनचक्क्यांची रांग.

आणि कुलधरा, ओस पडलेलं जुनं गाव. गाडीने जा, १८ किलोमीटर आहे, पण तिथे पोचल्यावर घाई करू नका. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून लोक अर्ध्या तासात परत फिरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पालीवाल ब्राह्मणांचं गाव ते. गल्ल्या सरळ, घरं दगडी. ह्या लोकांनी वाळवंटात गहू-हरभरा पिकवला. उताराच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरू द्यायचं आणि त्याच ओलीवर रब्बी घ्यायची. त्याला खडीन म्हणतात. आजही त्या भागात खडीन पिकतात. बांधावरून चालून बघा, एका अंगाला हिरवं शेत आणि दुसऱ्या अंगाला उघडा माळ.

ए-३०४: काकू, हे कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं! मुलांना आवडेल असं काही?

बी-६०२ (काकू): आकल. बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर. १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत. सगळ्यात मोठं खोड १३ मीटरचं. हात लावला तर थंडगार दगड, पण जवळून बघितलं तर लाकडाच्या रेषा दिसतात. आज जिथे कुसळं उगवतात तिथे तेव्हा घनदाट जंगल होतं, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा.

बी-२०३: सापांचं काय हो? लहान मुलं आहेत.

बी-६०२ (काकू): आपल्याकडे असतं ते फुरसं तिथेही आहे. थंडीत कमी दिसतं, पण दगडाखाली हात घालायचा नाही आणि अंधारात बॅटरीशिवाय निघायचं नाही. खरा त्रास भुरटाचा. गवताची काटेरी बोंडं असतात ती. एकदा मी लोकरीचे मोजे घालून गवतात शिरले, घरी येऊन पायरीवर बसून चिमट्याने दीड तास काटे काढले. तेवढं करून मोजे टाकूनच द्यावे लागले. वर पँट सैल नको आणि मोजे गुळगुळीत कापडाचे घ्या.

सी-४०२ (आजोबा): तिकडे आपल्यासारख्या देवराया आहेत असं वाचलं होतं.

बी-६०२ (काकू): आहेत आजोबा! ओरण म्हणतात. देवीच्या नावाने राखलेलं रान, फांदी तोडायची नाही. देगराय मातेचं ओरण फार मोठं आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, केर म्हणजे नेपती, त्यामुळे परकं वाटतच नाही. आता तिथून विजेच्या मोठ्या तारा गेल्यात. माळढोक पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तो तारांवर आदळतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काय उरलंय ते माहीतच आहे. तिथले गावकरी ओरणासाठी पदयात्रा काढतात. तिथे जाल तेव्हा गावातला गुराखी बरोबर घ्या, त्याला पैसे द्या, तो दाखवेल ते बघा.

ए-५०२: मला खरंच वाटलं होतं सगळी वाळूच. तनोटला चालत जाता येईल का?

बी-६०२ (काकू): नाही, ते १२० किलोमीटर आहे, गाडीनेच. देवीचं दर्शन घ्या, वाटेत लोंगेवाला बघा, १९७१ च्या डिसेंबरातली लढाई तिथलीच. सीमेचा भाग आहे, रस्ता सोडून हिंडू नका, ड्रोन नेऊ नका, ओळखपत्र जवळ ठेवा.

ए-३०४: समची एक रात्र रद्द करते, त्याऐवजी खुडीला राहू. पाणी किती लागेल?

बी-६०२ (काकू): थंडीतही माणशी दोन लिटर. हवा इतकी कोरडी की घाम कळतच नाही, ओठ फुटायला लागले की लक्षात येतं. पहाटे स्वेटर-कानटोपी, अकराला अंगात सुती शर्ट. माझ्याकडे त्या भागाचा हाताने काढलेला नकाशा आहे, खडिनांच्या वाटा त्यात आहेत. संध्याकाळी सहानंतर मुलांना घेऊन वर ये, चहा टाकते.

ए-३०४: येतेच काकू. 🙏