राजीनामा दिलाय, आता मागच्या तारखेनं सह्या मागतायत
मंडळी, मदत हवी आहे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, राजीनामा मेलवर दिलाय, नोटीस पिरियड चालू आहे आणि आता साहेब म्हणतात जुन्या हीटच्या (म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या मालाच्या) हार्डनेस रिपोर्टवर मागच्या तारखेनं सह्या कर, मगच रिलिव्हिंग लेटर. त्या कास्टिंगचं टेस्टिंग झालेलंच नाही, आकडे नुसते पेन्सिलनं भरून ठेवलेत! तोंडी नाही म्हटलं, एचआर म्हणतंय "ॲडजस्ट कर की". पीएफचं टेन्शन नाही, एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते. पण नव्या कंपनीला लेटर लागतंय, आणि इथं फौंड्रीवाले सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळं भांडण नकोय. रिपोर्टचे फोटो काढून घरी ठेवले तर माझ्याच अंगलट येईल का? की नकार मेलवर लेखी दिला तर पुरे, आणि त्यात नेमकं काय लिहू?