अंजनेरीच्या वाटेवरचं लाल झुडूप

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या उतारावर दिसणारं लाल फुलांचं झुडूप कोणतं, असं एकाने विचारलंय. वर्णनावरून ती धायटीच. कुणी पळसाचं रोप म्हटलंय; पण पळसाला पानं तीनच! धायटीची पानं भाल्यासारखी, समोरासमोर, जवळपास बिनदेठाची. उलटून पाहिलं की खाली बारीक काळे ठिपके.

फूल हातात घेऊन बघा. लाल रंग पाकळ्यांचा नसतोच, तो त्यांच्याखालच्या नळीचा. पाकळ्या नळीच्या तोंडाशी, शोधाव्या लागतील इतक्या चिमुकल्या, आणि बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर. नळीत मध असतो, म्हणून शिंजीर (मध पिणारे चिमुकले पक्षी) घिरट्या घालतात. फूल सरलं तरी नळी फांदीवर तशीच टिकते.

कूळ मेंदीचं. डाळिंबही आता त्याच कुळात धरतात, म्हणजे सटाण्याच्या डाळिंबबागांची ही रानातली भावकी.

वैद्य हिला धातकी म्हणतात. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही आयुर्वेदिक औषधं आंबवताना हीच फुलं घालतात (वाइनवाल्या नाशिककरांना आंबवणं काय समजावायचं म्हणा!). फुलांवर आंबवणारं नैसर्गिक यीस्ट असतं. फुलांतून लाल रंगही काढतात.

फोटो काढलात तर पानाच्या खालच्या बाजूचाही टाका.