एचआरव्हीच्या आकड्यातील फरक वयाचा समजावा की स्त्री-पुरुष भेदाचा?

प्रश्न: माझे वय 52 आहे. झोपेत घड्याळाने मोजलेली माझी एचआरव्ही, म्हणजे हृदयगतीची परिवर्तनशीलता, 27 ते 31 मिलिसेकंद असते, तर 24 वर्षांच्या मुलीची 70च्या आसपास आणि माझ्याच वयाच्या पतींची 48. मला धाप लागत नाही, रक्तदाबही ठीक आहे. मग ही तफावत कशाची?

प्रतिसाद 1: मुलीशी तुलना करूच नये. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना दोन ठोक्यांमधले अंतर, समजा, 940 मिलिसेकंद असेल, तर सोडताना ते 1010 होते. हा चढउतार मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या, ठोके मंदावणाऱ्या व्हेगस चेतातंतूमुळे घडतो आणि त्याचा हृदयावरील प्रभाव वयानुसार ओसरत जातो. त्यामुळे पन्नाशीत आकडा विशीपेक्षा बराच खाली येणे स्वाभाविक आहे.

प्रतिसाद 2: स्त्री-पुरुष फरक याहून गुंतागुंतीचा आहे. स्त्रियांचे हृदय सरासरीने जलद चालते व एकूण परिवर्तनशीलता, म्हणजे एसडीएनएन, कमी भरते. तरीही श्वासाशी निगडित, व्हेगसच्या ताब्यातला भाग त्यांच्यात अधिक आढळतो. एरवी ठोके जलद झाले की चढउतार घटतो, म्हणून मला ही गोष्ट विलक्षण वाटते. रजोनिवृत्तीच्या सुमारास हा भेद बराचसा मावळतो. मुलीचा आकडा पाळीपूर्वीच्या दिवसांत थोडा उतरलेला दिसला, तर तेही नेहमीचेच.

प्रतिसाद 3: मोठा आकडा म्हणजे उत्तम हृदय, असे मात्र मानू नका. उतारवयात अधूनमधून अवेळी ठोके पडतात किंवा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, होते, तेव्हा निव्वळ अनियमिततेमुळे आकडा फुगतो. शिवाय आरएमएसएसडी लगतच्या ठोक्यांमधील फरक मोजते, तर एसडीएनएन संपूर्ण कालावधीतील विखुरलेपण. दोन्हींचे एकक मिलिसेकंदच असल्याने हमखास गल्लत होते. पतींचे घड्याळ आपल्याच कंपनीचे आहे का?

प्रश्नकर्ती: नाही, त्यांचे वेगळे आहे. आताच माहितीपत्रक उघडून पाहिले: माझ्या आणि मुलीच्या घड्याळात आरएमएसएसडी आहे, त्यांच्या घड्याळात एसडीएनएन. गेले दोन महिने आम्ही रोज सकाळी हे दोन आकडे शेजारी मांडून वाद घालत होतो!