विंडोज १० वर गेम खेळणारा अडाणी नाही

देवगडकर :
काल इथे एकाने लिहिलं, "ऑक्टोबर २०२५ मध्ये सपोर्ट संपल्यानंतरही विंडोज १० वर गेम खेळणारा माणूस अडाणी. ११ टाका, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात." दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मशीन सहाव्या पिढीचं इंटेल आय५, ८ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक कार्ड. ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. म्हणजे मी हे भंगारात घालायचं. ज्या वर्षी आंबा बरा लागला त्या वर्षी बाबांनी घेऊन दिलेलं मशीन आहे हे, आणि जीटीए ५ आजही त्यावर नीट चालतो.

आणि फ्रेम वाढतात कशाच्या जोरावर? गेमला ग्राफिक कार्डाशी जोडणारं डायरेक्टएक्स १२ दोन्हीकडे आहे, कार्ड तेच आहे. उलट ११ नव्याने टाकलं की मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बहुतेक ठिकाणी आपोआप चालू होते. ती बंद केली तर गेमचा वेग वाढू शकतो, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये लिहिलंय. सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेलमध्ये तर त्यासाठीची मदत हार्डवेअरमध्ये नाहीच, म्हणजे आमच्यासारख्यांनी ती चालू केली तर फटका जास्त.

ठाण्यातला कुडाळकर :
ते माझंच लिखाण. "अडाणी" हा शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोर असतात, वेगवान आणि वीज वाचवणारे. गेम कुठल्या कोरवर टाकायचा हे ११ ला जास्त चांगलं कळतं. २०२४ मध्ये एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठी ब्रँच प्रेडिक्शनची (पुढची पायरी आधीच ओळखण्याची) सुधारणा आली, तीही ११ लाच. विंडोज सातचं काय झालं आठवा. जानेवारी २०२० ला सपोर्ट संपला आणि १ जानेवारी २०२४ ला गेम विकणाऱ्या स्टीमनेही हात काढून घेतला. १० ची गत तीच होणार. व्हॅलोरंट खेळता त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहारही करता ना?

देवगडकर :
बारावी पिढी ज्याच्याकडे आहे त्याने ११ टाकावं, मी कुठे अडवलं? तुम्ही तुमच्या मशीनचा नियम माझ्या मशीनला लावताय. आणि ११ आलं त्या महिन्यात रायझनवर एल३ कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचा) घोळ झाला, काही गेममध्ये १० ते १५ टक्क्यांचा फटका बसला. एएमडीने स्वतः मान्य केलं होतं.

ठाण्यातला कुडाळकर :
आणि दुरुस्तीही त्याच महिन्यात आली, ते का गाळलंत?

मालवणी गडी :
तुम्ही १० आणि ११ वरून भांडतास, पण हय पावसात लाईट दिवसातून चार वेळा जाता, त्येचा काय? माझो एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दोन वर्षांत दोनदा गेलो. फ्रेम मोजूक मशीन चालू तर रव्हाक होया!

रत्नागिरी रिपेअर :
गडी बरोबर बोलला. चौदा वर्षं मशीनं उघडतोय. "विंडोज स्लो झालं, फॉरमॅट मारून द्या" म्हणून येणारी निम्मी मशीनं मी फॉरमॅट करतच नाही. कॅबिनेट उघडतो. समुद्राकडच्या घरात प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर मिठाची ओलसर पुटं आणि धूळ यांचा थर बसलेला असतो, पंखा फिरतो पण हवा पलीकडे जात नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणि माणूस विंडोजला शिव्या घालतो. रॅम काढायची, पिनांवर खोडरबर फिरवायचा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट पुसून नवी लावायची. मिऱ्या बंदराजवळच्या एका घरातलं मशीन फक्त एवढ्यावर ४५ वरून ६५ फ्रेमवर गेलं. विंडोज तेच होतं, १०.

अर्थिंगही बघा. जांभ्यात पाइप ठोकून भागत नाही, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावाला उरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

गुहागरची वहिनी :
माझा मुलगा दहावीत आहे. मे महिन्यात आलेल्या चुलत दिराने "हे जुनं झालं" म्हणून त्याच्या पीसीवर हार्डवेअरची तपासणी टाळून ११ टाकलं आणि दोन दिवसांनी मुंबईला निघून गेला. नंतर ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बसेना, निस्तरलं आम्ही. गणपतीला नि मेला येऊन गावच्या माणसाला शिकवून जायचं, ही सवय चाकरमान्यांनी सोडावी.

ठाण्यातला कुडाळकर :
आता यात चाकरमानी कुठून आला? कुडाळच्या घराचं कौल दरवर्षी मीच शाकारतो. भाड्याच्या खोलीत राहून पैसे पाठवणाऱ्यांनी अपमान का ऐकून घ्यायचा?

गुहागरची वहिनी :
पैशाचं कुणी काढलं? न विचारता हात लावू नये, एवढंच म्हणणं आहे.

ठाण्यातला कुडाळकर :
तुमच्या दिराचं चुकलं. चालत नसलेल्या हार्डवेअरवर ११ ढकलू नये, हे मलाही मान्य करावं लागेल.

देवगडकर :
हेच मी पहिल्या ओळीपासून सांगतोय!

ठाण्यातला कुडाळकर :
पण १० वर कायमचं बसता येणार नाही. घरच्या पीसीला जादा सुरक्षा अपडेट घेतले तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

देवगडकर :
तोपर्यंत आंब्याचा एक हंगाम होऊन जाईल, मग बघू. रिपेअरदादा, तुमचं वाचून आत्ता कॅबिनेट उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमधून पलीकडचं काहीच दिसत नाही. पेस्ट पुसायला पेट्रोल चालेल का?

रत्नागिरी रिपेअर :
पेट्रोल अजिबात नको. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. आणि आधी प्लग काढ.