खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) उधाणाचं पाणी शिरलं, भात होईल का?

प्रश्न (अलिबाग): बांध फुटून १२ गुंठ्यांत खारं पाणी भरलं. यंदा लावणी करावी का?

उत्तर १: करा, पण घाई नको. बांध बुजवा. पावसाचं पाणी चार बोटं साठवून दोन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडा, असं तीन-चारदा. मध्ये शेत सुकू देऊ नका. सुकलं की खालचं मीठ वर चढतं, रोपांचे शेंडे करपतात. बियाणं पनवेल ३ (खारं सोसणारी भाताची जात) घ्या.

उत्तर २: आवण (लावणीची रोपं) गोड्या जमिनीत, गादीवाफ्यावर करा. कोवळं रोप खाऱ्यात तग धरत नाही. ३० दिवसांचं लावा, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) ४-५ काड्या.

उत्तर ३: चिखलणीआधी आठवडाभर गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचं झाड) पाला टाका, गुंठ्याला ३० किलो. कोवळ्याच फांद्या; जून काड्या लवकर कुजत नाहीत.

प्रश्नकर्ता: उघाडीचं दार गळतंय.

उत्तर १: मग पहिलं काम तेच! नाहीतर प्रत्येक भरतीला मीठ परत आत येईल.